बुधवारी सकाळी अकरा वाजता घाणा कोण चालवतं?

माझ्या माहेरी, जोडधंदा नसलेल्या घरात मुलगी द्यायची म्हटलं की मामा कुरकुर करायचे. दोन म्हशी तरी हव्यात, निदान पिठाची गिरणी. नुसत्या पिकावर भरवसा ठेवणारा माणूस त्यांना बेजबाबदार वाटे. पुढे भोसरीतल्या गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं नोकरभरतीच्या टेबलामागे बसले. आधी दारावर ‘पर्सोनेल’ अशी पाटी होती, मग ती काढून ‘एचआर’ची लावली, खुर्ची तीच राहिली. त्या खोलीत मात्र जोडधंदा हा शब्द उमेदवार खाली मान घालून उच्चारायचे. या महिन्याच्या टपालात याच विषयावरची पत्रं जास्त आहेत. त्यातली चार घेते.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी चाकणला क्वालिटी इंजिनिअर आहे, वय २९. गाव बार्शी तालुक्यात. तीन वर्षांपूर्वी घरी लाकडी घाणा टाकला. शेंगदाणा आणि करडईचं तेल काढतो. घाणा वडील आणि भाऊजी बघतात, पुण्यातली गिऱ्हाइकं मी सांभाळतो. महिन्याला साठ-सत्तर हजारांची विक्री होते, खर्च जाऊन बारा-पंधरा हजार उरतात. आता नोकरी बदलायची आहे. पहिल्या मुलाखतीत मी हे अभिमानानं सांगितलं. समोरचे म्हणाले, “मग आमच्याकडे किती दिवस?” दुसऱ्या ठिकाणी लपवलं. पण तिथल्या साहेबांनी माझा नंबर सेव्ह केला, आणि माझ्या व्हॉट्सॲपला तेलाच्या डब्याचा फोटो, खाली ‘शुद्ध घाण्याचं तेल, घरपोच’. दोन्हीकडून ‘कळवतो’ म्हणाले. पुढच्या आठवड्यात तिसरी मुलाखत आहे. सांगू की नको?
– एक वाचक, चाकण

उत्तर : डब्याच्या फोटोपर्यंत आले आणि मी एकटीच हसत सुटले, माफ करा. तुमची चूक काय झाली ते तुम्हाला कळलंच आहे, म्हणून हसायची मुभा घेतली.

तुम्ही दार ओढून बाहेर गेल्यावर आत काय होतं, ते सांगते. आमच्याकडे तिघं असायचे. मी, खात्याचे साहेब आणि प्लांट हेड. प्लांट हेड कागद उलटा ठेवत म्हणायचे, “पोरगा चांगलाय. पण धंदा चालला की हा सहा महिन्यांत जाणार.” मी विचारायचे, “आणि नाही चालला तर?” “तर त्याच टेन्शनमध्ये उत्पादनाच्या लाइनवर उभा राहणार.” म्हणजे धंदा चालला तरी उमेदवार वाईट, बुडाला तरी वाईट. आणि हे बोलणाऱ्या माणसाची स्वतःची मुळशीत पॉलीहाउसं होती, जरबेराची. ते कुणीच बोलून दाखवायचं नाही.

पण या कुरकुरीच्या तळाशी एक खरा प्रश्न असतो. तुमचा धंदा कोणता, नफा किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. बुधवारी सकाळी अकरा वाजता, लाइन चालू असताना, कस्टमरचा फोन आलेला असताना, तिकडे घाणा कोण चालवतं? याचं उत्तर त्यांना हवं असतं, आणि नव्वद टक्के वेळा ते हा प्रश्न सरळ विचारत नाहीत. ‘किती दिवस?’ असं काहीतरी वाकडं विचारतात. तुम्ही त्या वाकड्या प्रश्नाला उत्तर देत बसलात की गेलात.

दोन माणसं सांगते, दोन्ही माझ्या हातून गेलेली. एक जण स्टोअरकीपरसाठी आला होता. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे तीनपासून फुलांचा गाळा सांभाळायचा, सातला मोकळा. आमचे साहेब म्हणाले, हा दुपारी गोडाऊनमध्ये झोपणार. मीही मान डोलावली. नंतर शेजारच्या कंपनीनं त्याला घेतलं. तिथल्या माझ्या मैत्रिणीकडून ऐकलं की त्याचा स्टॉक कधी एका नगानंही चुकत नाही. नासणारा माल रोज मोजणाऱ्या माणसाला बोल्टांच्या पेट्या मोजणं काय अवघड? मला आजही त्या मान डोलावण्याची लाज वाटते.

दुसरा आमच्याच टूलरूममधला सुपरवायझर. अत्यंत गोड माणूस. बायकोच्या नावावर त्याचं जॉबवर्कचं एक लहानसं शेड होतं, आम्हाला माहीत नव्हतं. एकदा आमचा एक माणूस कामानिमित्त त्या शेडमध्ये गेला, तर टेबलावर आमचा गेज, म्हणजे माप तपासायचं साधन. आमचा नंबर पंच केलेला. मग कळलं की आमच्या ड्रॉइंगवरून आमच्याच कस्टमरला थेट माल जात होता. त्याला काढताना मी एक शब्दही मऊ वापरला नाही.

म्हणून तुमच्याबाबतीत मी सांगा असंच म्हणेन. तेल आणि ऑटो पार्ट यांचा काडीचा संबंध नाही, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, आणि ती लपवल्यावर वापरता येत नाही. बायोडेटात सगळ्यात शेवटी एक ओळ पुरे: ‘कुटुंबाचा लाकडी घाणा, बार्शी; विक्रीचं काम सुटीच्या दिवशी.’ स्वतःला फाउंडर वगैरे म्हणवू नका, हसतात. आणि विचारलं की आधी बुधवारचं बोला. “घाणा वडील आणि भाऊजी चालवतात. मी रविवारी डबे पोचवतो. आठवडाभर ऑर्डर घरचेच घेतात.” हे शेवटचं वाक्य आज खरं नसेल तर मुलाखतीच्या आधी खरं करा. डब्यावर भाऊजींचा नंबर छापा. तुमचा नंबर तिथे असणं म्हणजे लाइनवर उभे असताना “दादा, दोन लिटर करडई आहे का?” असा फोन येणं. तुमच्या साहेबांना नेमकी त्याचीच भीती आहे, आणि ती रास्त आहे.

दिवाळीचंही आधीच बोलून टाका. फराळाच्या दिवसांत तेलाला मागणी असते, आणि त्याच सुमारास वाहन कंपन्यांचा सणाचा माल निघत असतो. समोरचा माणूस खेड्यातून आलेला असेल तर त्याच्या डोक्यात हे हमखास येणार. त्या पंधरवड्यात तुम्ही रजा मागणार नाही, हे तुमच्या तोंडून गेलं तर त्याचा अर्धा संशय जागेवर गळतो. मात्र बोललात तर पाळा.

पुढे जमलं तर घाण्यातलं क्वालिटीचं सांगा. अडीच किलो शेंगदाण्याला साधारण लिटरभर तेल निघतं, दाण्यात ओल असली की हिशोब कसा बिघडतो, गाळ नीट बसू दिला नाही तर कोणतं गिऱ्हाईक डबा परत आणतं, पेंड कुणाला जाते. चाकणला तुम्ही रिजेक्शनचा रिपोर्ट लिहिता, पण त्या रिजेक्शनचे पैसे तुमच्या खिशातून जात नाहीत. घाण्यात जातात. हा फरक ज्याला कळला त्याला मी डोळे झाकून घेतलं असतं. पण दोन मिनिटांत आवरा. माझ्यासमोर एक पोल्ट्रीवाला वीस मिनिटं पक्ष्यांच्या खाद्यावर बोलला, चेहरा नुसता उजळला होता. मग आम्ही कंट्रोल चार्टवर, म्हणजे दर्जा तपासायच्या आलेखावर आलो आणि दिवा गेला.

नेमणूक झालीच तर अपॉइंटमेंट लेटर घरी नेऊन वाचा. ‘कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय अन्य व्यवसाय करणार नाही’ अशी ओळ बहुतेक पत्रांत असते. असली तर रुजू होण्याआधी ईमेलवर परवानगी मागा. तोंडी ‘चालतंय हो’ म्हणणारे साहेब दोन वर्षांनी बदलून जातात आणि ईमेल मागे राहतो. आणि घाण्याचं उत्पन्न तुमच्या नावावर दाखवत असाल तर नुसत्या पगारदारांचा आयटीआर-१ चालत नाही, हेही सीएला विचारून घ्या.

जाता जाता, याचा अर्थ प्रत्येकानं प्रत्येक गोष्टीची कबुली द्यावी असा नाही. दिवाळीत हौसेनं चाळीस आकाशकंदील करून विकणाऱ्यानं ते सांगायची काही गरज नाही. त्याला मी धंदा म्हणत नाही.

प्रश्न : ताई, मी बी.कॉम. आहे, टॅली येतं. लग्नाआधी तीन वर्षं एका फर्ममध्ये अकाउंट्सला होते. नंतर लातूरला नीटच्या मुलांसाठी पाच वर्षं मेस चालवली, शेवटी पस्तीस मुलं होती. मिस्टरांच्या बदलीमुळे आता नाशिकला आलो आहोत. नोकरी शोधते तर सगळे म्हणतात, ‘पाच वर्षांची गॅप आहे.’ मेसचं लिहिलं तर हसतील असं मिस्टरांना वाटतं. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि हे उत्तर वाचायला द्या.

पस्तीस मुलं, दोन वेळा, पाच वर्षं. लातुरात, जिथे क्लास बदलला की मूल मेसही बदलतं. महिन्याची फी आधी घेणं, मध्येच गावी गेलेल्याचे दिवस वजा करणं, किराणा दुकानाची उधारी, भाजीचे भाव, कामाच्या मावशींची उचल. हे सगळं तुम्ही वहीत लिहीत होतात ना? मग ती गॅप कशी? ज्या फर्मला अकाउंट्सचा माणूस हवाय तिला वसुली करता येणारा माणूस सापडत नाही, आणि तुम्ही विद्यार्थ्यांच्या बापांकडून वसुली केली आहे.

वही जपून ठेवली असेल तर एका महिन्याचा जमाखर्च टॅलीत घालून छापा आणि सोबत न्या. आमच्याकडे अशीच एक बाई आली होती, भिशीचा हिशोब घेऊन. तो कागद बघून अकाउंट्सचे साहेब खुर्चीत पुढे सरकले, ते मी पाहिलं आहे. बायोडेटात ‘मेस चालवली, ३५ विद्यार्थी, लातूर’ एवढंच लिहा. नाशिकमध्येसुद्धा मेस म्हणजे काय ते कळतं.

तुमचा बुधवारचा प्रश्न वेगळा आहे: ‘इथे पुन्हा सुरू केली तर?’ मेस बंद केली, भांडी विकली, असं असेल तर तसंच सांगा. भांडी विकली हे वाक्य फार परिणाम करतं. आणि हो, मेसला निळा १९ किलोचा सिलिंडर वापरत होतात की घरचा लाल, हे मी तुम्हाला विचारत नाही. मुलाखतीतही तो विषय तुम्ही काढू नका.

प्रश्न : मी हिंजवडीत आयटीत आहे. रात्री अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीसाठी वेबसाइटचं काम करतो. आता कंपनी बदलतोय. नव्या कंपनीला हे कळू शकतं का? आमच्या ग्रुपवर तर कोणी म्हणतं गुन्हा आहे, कोणी म्हणतं आता सगळीकडे चालतं.
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : कळू शकतं का, हा प्रश्न मला आवडलेला नाही, तरी सांगते. दुसरीकडे पगारी नोकरी असेल तर पीएफच्या यूएएन खात्यात एकाच महिन्यात दोन कंपन्यांचे पैसे दिसतात आणि पडताळणीवाले तिथेच पकडतात. तुमच्यासारखं फ्रीलान्स काम तिथे दिसत नाही. ते लिंक्डइनवर दिसतं, आणि मित्राच्या तोंडातून बाहेर पडतं.

तुमच्या ग्रुपवरचे दोन्ही गट अर्धे बरोबर आहेत, कारण मालकांचंच एकमत नाही. २०२२ साल आठवा. ऑगस्टमध्ये स्विगीनं बाहेरच्या कामाला परवानगी देणारं धोरण आणलं. त्याच महिन्यात विप्रोच्या ऋषद प्रेमजींनी मूनलायटिंगला, म्हणजे नोकरी सांभाळून गुपचूप दुसरीकडे काम करण्याला, सरळ फसवणूक म्हटलं, आणि सप्टेंबरात सांगितलं की प्रतिस्पर्ध्यांकडे काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढलं. इन्फोसिसनं सप्टेंबरात दटावलं आणि ऑक्टोबरात, आधी परवानगी घेतली तर बाहेरचं काम चालेल, असं कळवलं. तेव्हा ‘आयटीत काय चालतं’ विचारण्यापेक्षा तुमच्या हातातल्या पत्रात काय लिहिलंय ते बघा.

कायद्याचं थोडक्यात. नोकरी चालू असेपर्यंत ‘दुसरीकडे काम करणार नाही’ ही अट बांधून ठेवते. याचा गाजलेला निकाल आपल्या कल्याणचा आहे. सेंच्युरीच्या टायरकॉर्ड कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून राजस्थानातल्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं मनाई कायम ठेवली. नोकरी संपल्यानंतरच्या बंधनांना मात्र १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आडवं येतं; कुणाला कामधंदा करण्यापासून अडवणारा करार ते रद्द मानतं. म्हणून राजीनामा दिल्यावर धमक्या देणाऱ्या एचआरला फार घाबरू नका. हे मी एचआरवाली असून सांगते आहे.

तुम्ही वेबसाइटचंच काम करता आणि नवी कंपनीही तेच करत असेल तर एक गोष्ट आधी स्वच्छ करा: कंपनीच्या लॅपटॉपवर बाहेरची एक ओळही लिहू नका. पत्रात ‘नोकरीच्या काळात तयार केलेलं सर्व काम कंपनीचं’ असं वाक्य असेल तर तुमच्या अमेरिकन गिऱ्हाइकाचा कोडही वादात सापडतो, आणि ते बिचाऱ्याला माहीतच नसतं. शिवाय त्यांची सकाळ म्हणजे तुमची रात्र. तुमचा बुधवार ठीक जाईल. गुरुवारी सकाळी नऊच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून कोण बसलेलं असतं, ते तुमच्या मॅनेजरला सांगावं लागत नाही.

(तहसील कार्यालयातून ज्यांनी याच धर्तीचं विचारलंय त्यांना इथेच सांगते. तुम्हाला हे सगळं लागू नाही. १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम बघा. पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा नाही. पत्नीच्या नावावर विमा एजन्सी असली तरी कार्यालयाला कळवायची, आणि दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पॉलिसीबद्दल तुम्ही एक शब्द बोलायचा नाही.)

प्रश्न : नमस्कार. मी दुसऱ्या बाजूनं विचारतो. माझं मिरज एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट आहे, २२ माणसं. अकाउंटंट हवा आहे, पगार १६ हजार. एक मुलगा पसंत आहे, पण तो संध्याकाळी बारा दुकानदारांचं जीएसटीचं काम बघतो. म्हणतो ते सोडणार नाही. आमचे सीए म्हणतात घेऊ नका, लक्ष राहणार नाही. मी स्वतः सीझनला तासगावला बेदाण्याच्या सौद्यात असतो, तेव्हा मागे विश्वासाचा माणूस लागतो. काय करावं?
– एक लघुउद्योजक, मिरज

उत्तर : दादा, रागावू नका, पण १६ हजारांत तुम्ही माणसाचे आठ तास घेता, त्याची संध्याकाळ त्यात येत नाही. संध्याकाळही हवी असेल तर तीस हजार द्या आणि मग ‘सोड’ म्हणा. आणि बेदाण्याच्या सीझनमध्ये फॅब्रिकेशनकडे मालकाचं लक्ष राहतं की नाही, हे तुमच्या सीएंनी कधी विचारलं नसावं.

मुलगा ‘सोडणार नाही’ असं तोंडावर म्हणाला, हे मला बरं वाटलं. ‘सोडतो’ म्हणून करत राहणारे मी ढीगभर पाहिलेत. बारा दुकानदार आपल्या खरेदी-विक्रीची बिलं त्याच्या हातात देतात, म्हणजे गावात त्याची पत आहे.

पण तुमच्याकडे बुधवारऐवजी ११ आणि २० तारीख बघायची. दरमहा रिटर्न भरायचं असेल तर जीएसटीआर-१ ला, म्हणजे विक्रीच्या तपशिलाला, ११ आणि ३बी ला, म्हणजे कर भरायच्या रिटर्नला, २०. त्या दिवशी तुमचंही रिटर्न असतं आणि त्या बाराही जणांचं. पोर्टल रडत असतं. दुपारी चार वाजता कुणाचं आधी भरायचं? हे घेण्याआधी ठरवा: तुमची दोन्ही रिटर्न्स मुदतीच्या तीन दिवस आधी. त्याच्या पत्रात एक ओळ घाला आणि खाली त्याची सही घ्या. सीएंचीही घ्या, कारण बिलं उशिरा मागणारे बऱ्याचदा तेच असतात.

त्या बारा दुकानांची यादी त्याच्याकडून मागून घ्या. त्यात तुम्हाला पत्रा देणारा व्यापारी किंवा तुमच्यासारखंच काम करणारा दुसरा फॅब्रिकेटर असेल तर तेवढं एक काम सोडायला लावा. तुमचा खरेदीचा भाव आणि समोरच्याचा विक्रीचा भाव एकाच माणसाच्या डोक्यात बसू नये. माझ्या टूलरूमवाल्या सुपरवायझरचं असंच सुरू झालं होतं. किराणा, कापड, मेडिकल असेल तर त्याला खुशाल करू द्या.

आणि नक्की करण्याआधी त्याला एकच विचारा: गेल्या २० तारखेला रात्री किती वाजता घरी पोचलास? साडेआठ म्हणाला तर सोमवारपासून बोलवा. दोन वाजले म्हणाला तर आणखी एक चहा मागवा आणि कारण विचारा.